तीन सेट, दहा रेप्स आणि एक फौजी गुडघा

जिम जॉइन केल्यावर पहिल्या दिवशी ट्रेनर काय सांगतो? 'तीन सेट मारायचे, दहा-दहाचे.' दंड असोत, पाठ असो की मांड्या, आकडा तोच. ठाण्यात तोच, कोथरूडमध्ये तोच, दुबईला गेलेला मित्र सांगतो तिकडेही तोच. तीनच का? दहाच का? कोणी विचारत नाही. घाम गाळणाऱ्या माणसाला इतिहासाचा तास नको असतो.

पण पत्रकाराची खोड काही जात नाही. शोधत गेले आणि बॉस, हा आकडा निघाला थेट मिलिटरी हॉस्पिटलमधून. तोही कुठल्या पिळदार बॉडीबिल्डरसाठी नव्हे, तर गुडघ्याचे वांधे झालेल्या सैनिकांसाठी.

लोखंडी बूट

साल १९४४. दुसरं महायुद्ध ऐन भरात. शिकागोच्या गार्डिनर जनरल हॉस्पिटलमध्ये अमेरिकन लष्कराचे जखमी जवान खाटांवर पडून. कोणाच्या मांडीचं हाड मोडलेलं, कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. महिनोन्महिने प्लास्टर. प्लास्टर काढलं की खाली मांडी म्हणजे नुसती काडी. त्या काळचा फंडा असा, की अशा पायाला जपायचं. हलका व्यायाम द्यायचा, तोही पुष्कळ वेळा. वजनबिजन अजिबात नको.

तिथे थॉमस डेलॉर्म नावाचा तरुण डॉक्टर होता. लहानपणी त्याला ऱ्हुमॅटिक फीव्हर झाला होता, खाटेवर पडून राहावं लागलं होतं. त्यातून उठल्यावर पठ्ठ्याने वजनं उचलून शरीर कमावलं. डॉक्टर झाल्यावर त्याने तोच प्रयोग जवानांवर केला. पायाला लोखंडी बूट बांधायचा, त्यात वजन अडकवायचं आणि टेबलाच्या कडेला बसून गुडघा सरळ करायचा. पेलवलं की पुढच्या वेळी वजन थोडं वाढवायचं.

मांड्या भरायला लागल्या. १९४५ मध्ये त्याने हा अनुभव अस्थिरोगतज्ज्ञांच्या जर्नलमध्ये छापला. सुरुवातीला तो सात-सात, दहा-दहा सेट करून घ्यायचा. पुढे लक्षात आलं, एवढं लागतच नाही. १९४८ मध्ये वॉटकिन्स या सहकाऱ्याबरोबर त्याने सुटसुटीत हिशेब मांडला. जेमतेम दहा वेळा उचलता येईल असं वजन शोधा. पहिला सेट त्याच्या निम्म्या वजनाचा, दुसरा पाऊण, तिसरा पूर्ण. तीन सेट, दहा रेप्स. तुमच्या ट्रेनरला माहीत नसेल, पण रोज सकाळी तो एका फौजी डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन वाचून दाखवत असतो.

आज हे सगळं काढायचं कारण? आपल्या आजूबाजूला अचानक सगळ्यांचेच गुडघे बोलायला लागलेत. पंचविशीतली पोरं जिना उतरताना कठड्याला धरतात. तासभराच्या मीटिंगनंतर उभं राहताना 'आई गं' निघतं. राजगड करून आल्यावर दोन दिवस इंडियन टॉयलेट म्हणजे शिक्षा. आणि यावरचा ऑफिसमधला सल्ला ठरलेला: 'वंगण संपलंय रे. आराम कर.'

फौजेच्या गुडघ्यांनी गेल्या ऐंशी वर्षांत जे शिकवलंय, ते बरोब्बर याच्या उलट आहे.

फौजेचाच गुडघा का?

सोपं आहे. लष्कर म्हणजे गुडघ्यांवरच्या संशोधनाची सगळ्यात मोठी लॅब. हजारो तरुण, एकाच वयाचे, एकच खाणं, एकच बूट, एकच रूटीन. कालपर्यंत घरी लोळणारा पोरगा आज पहाटे उठून पळतोय, पाठीवर पिट्टू घेऊन चालतोय, उड्या मारतोय, गुडघ्यावर बसून नेम धरतोय. गुडघ्याला सवय व्हायला वेळच नाही. कोण दुखावलं, कधी, किती, सगळी नोंद असते.

ॲनापोलिसच्या अमेरिकन नेव्हल अकॅडमीतल्या तरुण कॅडेट्सचा अभ्यास २०१० मध्ये आला. अकॅडमीत दाखल होतानाच मुलींपैकी १५ टक्के आणि मुलांपैकी १२ टक्के जणांना वाटीच्या भोवती दुखण्याचा त्रास होता. पुढच्या काळात नव्याने दुखणं सुरू होण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांच्या सव्वादोन पट. ही निवडून घेतलेली, धडधाकट पोरं आहेत हं. म्हणजे गुडघेदुखी हा काही फक्त आजीचा प्रांत नाही.

या तरुण दुखण्याचं नाव 'पॅटेलोफेमोरल पेन'. पॅटेला म्हणजे गुडघ्याची वाटी. मांडीच्या हाडाला पुढून एक खोबण असते, पाय वाकवताना-सरळ करताना वाटी त्यातून वर-खाली सरकते. पायऱ्या उतरताना, उकिडवं बसताना तिच्यामागचा दाब जाम वाढतो. हा दाब पेलायचं काम मांडीच्या पुढच्या स्नायूंचं, आणि पाय आत कोसळू न देण्याचं काम कुल्ल्याच्या स्नायूंचं. हे दोघं कमी पडले आणि काम अचानक वाढलं, की वाटीभोवती दुखायला लागतं. बहुतेक वेळा आत काही तुटलेलं नसतं. पगार तोच आणि ईएमआय दुप्पट झाला तर काय होईल, तेच झालेलं असतं.

आणि खुर्चीवाल्यांनो, हसू नका. याच दुखण्याची एक जुनी खूण आहे: सिनेमाला बसलं की गुडघा दुखतो, पाय लांब करावासा वाटतो. तुमची रोजची नऊ तासांची खुर्ची म्हणजे तीन सिनेमे, इंटरव्हलशिवाय.

दीड हजार पोरं, आठ व्यायाम

आता ब्रिटिश आर्मीकडे या. २०११ मध्ये त्यांच्या एका प्रयोगाचे निकाल आले. १७ ते २५ वयाचे १५०२ रिक्रूट, १४ आठवड्यांचं बेसिक ट्रेनिंग. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला नेहमीचा वॉर्म-अप. दुसऱ्याला वॉर्म-अप आणि शेवटचं कूल-डाऊन यांत आठ व्यायाम, चार ताकदीचे आणि चार ताण देण्याचे.

व्यायाम तरी काय? भिंतीला बाजूने उभं राहून एक पाय गुडघ्यात वाकवायचा आणि त्याने भिंत ढकलायची. पुढे पाऊल टाकून लंज. एका पायावर पायरी उतरणं. एका पायावर अर्धवट बैठक. आणि मग मांडीची पुढची बाजू, मागची बाजू, बाहेरची बाजू आणि पोटरी यांना ताण. संपलं. ना मशीन, ना ॲप, ना प्रोटीन शेक.

निकाल: नेहमीच्या गटात ७४३ पैकी ३६ जणांचा गुडघा दुखायला लागला, व्यायामवाल्या गटात ७५९ पैकी १० जणांचा. धोका जवळपास पाऊण पटीने खाली!

लगेच टाळ्या वाजवू नका, कारण डेन्मार्कची गोष्टही सांगायलाच हवी. तिथल्या रॉयल लाइफ गार्ड्सच्या १०२० रिक्रूट्सवर असाच प्रयोग झाला, निकाल आले २००८ मध्ये. आठवड्यातून तीनदा, पंधरा-पंधरा मिनिटं, पाच व्यायाम. फरक? शून्य. दुखापती दोन्ही गटांत सारख्याच. दोन्ही प्रयोग शेजारी ठेवले की मला एक शक्यता दिसते. ब्रिटिश पोरं प्रत्येक ट्रेनिंगला हे करत होती, तर डॅनिश पोरांचा व्यायाम आठवड्याला जेमतेम पाऊण तास आणि बाकीचं ट्रेनिंग त्याच वेळी एकदम वाढलेलं. पगार शंभर रुपयांनी वाढवून ईएमआय दुप्पट केला, तर बँक हसणारच.

म्हणजे 'व्यायाम करा' एवढं सांगून भागत नाही. किती, किती वेळा आणि कशाच्या आधी, हे महत्त्वाचं. सात वर्षं सोफ्यावर काढून सातव्या दिवशी हाफ मॅरेथॉनचा बिब लावला, तर पहाटेचं स्ट्रेचिंग वाचवणार नाही. साताऱ्या-कोल्हापूरकडे भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे डांबरी रस्त्यावर पळताना तुम्ही पाहिली असतील. त्यातल्या प्रत्येकाला कोणीतरी सांगायला हवं की पळणं आठवड्याला थोडं-थोडं वाढव, सोबत मांड्या-कुल्ले कमव. गुडघ्याने भरतीच्या आदल्या महिन्यात दगा दिला, तर त्या घराचं एक पूर्ण वर्ष जातं.

सुई की व्यायाम?

आता मोठ्यांचा गुडघा. तुमच्या आई-बाबांचा. ऑस्टिओआर्थ्रायटिस, ज्याला आपण 'झीज' म्हणून मोकळे होतो. याचेही दोन सगळ्यात गाजलेले प्रयोग फौजेच्याच हॉस्पिटलांतले.

पहिला २००० सालचा, टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या ब्रुक आर्मी मेडिकल सेंटरमधला. ८३ पेशंट. अर्ध्यांना फिजिओथेरपिस्टने हाताने सांधा मोकळा करून दिला आणि व्यायाम करून घेतले. उरलेल्यांना अल्ट्रासाऊंडचं मशीन लावलं, पण इतक्या नाममात्र पॉवरवर की त्याचा काही उपयोगच होऊ नये. आठ आठवड्यांनी पहिला गट सहा मिनिटांत आधीपेक्षा १३ टक्के जास्त अंतर चालत होता आणि दुखणं-आखडणं-हालचाल मोजणारा स्कोअर ५६ टक्क्यांनी सुधारला होता. वर्षभरात सांधा बदलण्याचं ऑपरेशन झालेले मशीनवाल्या गटात २० टक्के, व्यायामवाल्या गटात ५ टक्के.

आपल्याकडे 'फिजिओला जाऊन आलो' याचा अर्थ कित्येकदा 'मशीन लावून पडलो होतो, मोबाइल बघत होतो' असा असतो. त्या सगळ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

दुसरा प्रयोग २०२० चा, 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेला. ब्रुक आणि वॉशिंग्टन राज्यातलं मॅडिगन आर्मी मेडिकल सेंटर. १५६ पेशंट, सरासरी वय ५६. यात नोकरीतले सैनिक होते, निवृत्त होते, घरचेही होते. निम्म्यांना गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन, वर्षात तीनपर्यंत. निम्म्यांना फिजिओथेरपी: पहिल्या चार ते सहा आठवड्यांत आठपर्यंत सिटिंग आणि मग चौथ्या-नवव्या महिन्यात गाडी सर्व्हिसिंगला आणावी तशा एक ते तीन भेटी.

मोजमापाची पट्टी ० ते २४०, आकडा जितका मोठा तितका त्रास जास्त. दोन्ही गट साधारण १०८ च्या आसपास सुरू झाले. वर्षानंतर इंजेक्शनवाले ५६ वर, फिजिओवाले ३७ वर. सुईने आराम पडला नाही असं नाही, चांगलाच पडला. पण वर्षाच्या शेवटी घाम जिंकला. आणि ज्यांना काहीच फरक पडला नाही असे सुईच्या गटात चारात एक, व्यायामाच्या गटात दहात एक.

खरं सांगायचं तर या प्रयोगाला एक 'पण' आहेच. फिजिओवाल्यांना वर्षभरात सरासरी बारा भेटी मिळाल्या आणि सुईवाल्यांना तीनहून कमी सुया. कोणीतरी गुडघ्याला हात लावतंय, विचारपूस करतंय, त्याचाही गुण येतो. असू दे की! दुखणाऱ्या माणसाला तो गुणही हवाच असतो.

सुईची दुसरी बाजूही माहीत असू द्या. २०१७ मध्ये अमेरिकेतच एक प्रयोग झाला, हा फौजेबाहेरचा. १४० पेशंट, दोन वर्षं, दर तीन महिन्यांनी इंजेक्शन. निम्म्यांना स्टेरॉइड, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. दुखण्यात फरक नाही, पण स्टेरॉइडवाल्यांची कूर्चा जास्त झिजली. लग्न तोंडावर आहे, गुडघा टम्म सुजलाय, डॉक्टरांनी विचार करून एक सुई दिली, ठीक. पण दर तिमाहीला सुई हा प्लॅन नाही, ती उधारी आहे.

फौजी दुखणं लपवतो, आपण काय करतो?

माझा एक मामेभाऊ फौजेत आहे. सुट्टीवर आला की घरातली सगळी बारकी पोरं त्याच्या खांद्यावर. गेल्या वेळी जिना उतरताना तो एक-एक पायरी बाजूने उतरत होता. मामीने विचारलं तर म्हणाला, काही नाही गं, झोपेत आखडलं असेल. मी विचारल्यावर मात्र हळूच म्हणाला, युनिटमध्ये बोलू नकोस कोणाशी. जसं काही मी रोज त्याच्या सुभेदार साहेबांबरोबर चहाच घेते!

त्याचं लपवणं मूर्खपणाचं नाही, त्याला हिशेब आहे. आपल्या लष्करात प्रत्येकाची मेडिकल कॅटेगरी असते, तिला 'शेप' म्हणतात. पाच अक्षरं, पाच गोष्टी: मानसिक स्थिती, ऐकणं, हात-पाय, शारीरिक क्षमता, नजर. गुडघा येतो हात-पायांच्या खात्यात. सगळीकडे एक नंबर म्हणजे फिट. नंबर घसरला की पोस्टिंगवर परिणाम, कोर्सवर परिणाम, बढतीवर परिणाम. मग जवान काय करतो? पट्टी बांधतो, गोळी खातो, पळतो. महिन्याभरात बरं झालं असतं ते दुखणं वर्षभराचं होतं. जी कॅटेगरी वाचवायला लपवलं, तीच शेवटी जाते. यावर भाऊ काही बोलला नाही, पण परत जाताना त्याने सांगितलं की पोहोचल्यावर एमआय रूमला दाखवतो. एमआय रूम म्हणजे युनिटचा दवाखाना. आता तो दाखवतो की नाही, हे मामीच त्याच्याकडून काढून घेईल.

या भीतीवर उपाय निघू शकतो, हेही फौजेनेच दाखवलंय. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकन आर्मीकडे हाडांचे डॉक्टर कमी पडायला लागले. मग १९७० च्या दशकात त्यांनी फिजिओथेरपिस्टना पहिली तपासणी करायची मुभा दिली. पाठ, गुडघा, खांदा दुखतोय? आधी फिजिओकडे जा. ऑपरेशनची केस वाटली तर तो पुढे पाठवेल. सोय अडचणीतून निघाली, पण टिकली. कारण जवान लवकर येऊ लागला आणि लवकर आला की दुखणं लहान असतानाच सापडतं.

आपलं काय? आपण लपवत नाही, आपण उलटं टोक गाठतो. दुखलं की थेट एमआरआय. रिपोर्टमध्ये एखादा भयानक इंग्रजी शब्द दिसतो आणि रात्री दोनला आपण मोबाइलवर स्वतःचा गुडघा बदलून घेतलेला असतो. २०१९ मध्ये संशोधकांनी बऱ्याच अभ्यासांची एकत्र बेरीज केली. न दुखणाऱ्या, दुखापत न झालेल्या गुडघ्यांच्या एमआरआयची! चाळिशीच्या आतल्यांमध्ये ११ टक्क्यांच्या कूर्चेत दोष दिसला, चाळिशीपुढच्यांमध्ये ४३ टक्क्यांच्या. या लोकांचं काही दुखत नव्हतं, बरं का. फोटोत दिसलं म्हणजे तेच दुखतंय असं नाही.

त्यात पैशांचाही घोळ आहे. साध्या मेडिक्लेमचा गाभा म्हणजे हॉस्पिटलात ॲडमिट होणं. ऑपरेशन केलं तर क्लेम, पण ते टाळायला दहा वेळा फिजिओकडे गेलात तर खिशातून. त्यामुळे तिसऱ्या सिटिंगनंतर 'आता बरं वाटतंय' म्हणून आपण गायब. स्नायूला ताकद यायला आठवडे लागतात, आणि आपला पेशन्स दहा मिनिटांच्या डिलिव्हरीवर पोसलेला.

मग करायचं काय?

फिजिओकडे जाताना चार गोष्टी डोक्यात ठेवा.

एक. फक्त मशीन आणि शेक मिळत असेल, तर नम्रपणे विचारा: 'व्यायाम कुठला? किती? कधी वाढवायचा?' वाटीभोवतीच्या दुखण्यासाठी जगभरच्या तज्ज्ञांनी २०१८ मध्ये एकमताने जे सुचवलं, ते गुडघा आणि कुल्ला दोन्हींचे व्यायाम. नुसत्या विजेच्या मशीनची शिफारस त्यांनी केलेली नाही.

दोन. थोडं दुखलं म्हणून घाबरू नका. सहन होईल इतकं दुखणं चालतं, अट एकच: दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पुन्हा आधीच्या पातळीवर यायला हवं. नाही आलं, तर डोस कमी करा, व्यायाम सोडू नका.

तीन. सगळं बंद करून पडून राहू नका. पळणं झेपत नसेल तर चाला, गड झेपत नसेल तर टेकडी. तासाला एकदा खुर्ची सोडा. पाणी आणायला स्वतः उठा, ऑफिस बॉयला हाक मारू नका.

चार. घरी करा. ब्रुकच्याच टीमने २००५ मध्ये १३४ पेशंटचा अभ्यास केला. क्लिनिकमध्ये येऊन आणि घरीही करणाऱ्यांचा त्रास चार आठवड्यांत ५२ टक्क्यांनी कमी झाला, फक्त घरी करणाऱ्यांचा २६ टक्क्यांनी. वर्षानंतर मात्र दोन्ही गट जवळपास सारखे. म्हणजे फिजिओमुळे सुरुवात वेगाने होते, पण लांबचा पल्ला घरच्या सतरंजीवरच मारावा लागतो. बजेट कमी असेल तर निदान दोन-तीन भेटींत व्यायाम नीट शिकून घ्या आणि महिन्याने पुन्हा दाखवा.

यांना मात्र थेट डॉक्टर! पडल्या-मुरगळल्यावर पायावर वजनच टाकता येत नाही. गुडघा अडकतो, सरळच होत नाही. चालता चालता दगा देतो. एकाएकी टम्म सुजतो. लाल-गरम होतो, सोबत ताप येतो. रात्री झोपेतून उठवण्याइतका दुखतो. यातलं काहीही असेल तर हा कॉलम मिटा आणि ऑर्थोपेडिक सर्जनची अपॉइंटमेंट घ्या. तिथे 'तीन सेट' चालणार नाहीत.

आणि शेवटची गोष्ट. फौजेतल्या या सगळ्या प्रयोगांत एक माणूस सतत हजर आहे, ज्याचं नाव कुठल्याच निकालात येत नाही: मोजणारा माणूस. समोर उभा राहून 'आठ, नऊ, दहा' म्हणणारा. रिक्रूटला कंटाळा आला तरी त्याला सुट्टी नव्हती, कारण कोणीतरी मोजत होतं. तुमच्या-माझ्या आयुष्यात असा हवालदार नाही. तर एक नेमून टाका. रूममेट, बायको, नवरा, शेजारच्या डेस्कवरची ती खडूस मैत्रीण, कोणीही चालेल. बारा आठवडे, रोज एकच प्रश्न विचारायचं काम तिला द्या: 'झाले का तीन सेट?'

आईच्या गुडघ्यासाठी मात्र हवालदार तुम्हीच व्हा. ती स्वतःहून सांगणार नाही. तिला रविवारी फोन करून 'गुडघा कसा आहे' विचारलंत तर ती 'बरा आहे' म्हणणार. त्यापेक्षा विचारा, 'आज किती वेळा उठ-बस केलीस?' आणि उत्तर येईपर्यंत फोन ठेवू नका.

भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर लिफ्ट सोडा, निदान चढताना तरी!